दीड दिवस पोटात राहिलेले वाल

मंगळवारी सकाळी साडेसहाला मला उलटी झाली आणि तिच्यात वाल होते.

उलटीचं तोवर मला काही वाटेनासं झालं होतं. दोन-तीन महिने ती आठवड्यातून एक-दोनदा ठरलेलीच होती. पण वाल पाहून मी मोरीत बसल्या जागी गार झालो. सोललेल्या डाळिंब्या होत्या त्या, कुठे दोन दलं सुटी झालेली, बाकी ताटात वाढल्या होत्या तशाच. सोमवारी मी वालांना हातही लावला नव्हता. वालाचं बिरडं खाल्लं होतं रविवारी, संध्याकाळी साडेसहाला. वेळ इतकी नेमकी सांगू शकतो, कारण मी वही ठेवत असे. तोंड पुसलं आणि आधी ती वही उघडली. रविवार, सायं. ६.३०, वाल, एक वाटी, सोबत काही नाही. शेजारी माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पचन सहा तास, रात्री १२.३० ला पोट मोकळे.

छत्तीस तास झाले होते.

सुनंदा, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली.

"पुन्हा?"

"वाल आहेत," मी म्हणालो.

"कसले वाल?"

"रविवारचे."

तिने मोरीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एरवी ती चिडली असती. त्या दिवशी तिचा आवाजच बसला. "अहो," ती म्हणाली, "हे आत होते इतका वेळ?"

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी बरा आहे, ऑफिसला जातो, दोन वेळा जेवतो. पोटाचं दुखणं अंगावर काढणारे आणि माझ्यासारखेच हुशार असलेले जे कोणी असतील, त्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. हुशार हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

तक्ता

मी ड्राफ्ट्समन. ऑफिसात नव्या वसाहतींचे रस्ते, चौक, गटारं कागदावर आखणं हे माझं काम. मूळचा साताऱ्याकडचा, लग्नानंतर पनवेलला घर केलं. सुनंदा आमच्याच ऑफिसात टायपिस्ट होती, तिचं माहेर उरणजवळ मोऱ्याला, मासेमारी करणारं घर. आम्हाला एक मुलगी, मंजिरी, तेव्हा शाळेत होती.

चाळिशीच्या सुमारास मला जळजळीचा त्रास सुरू झाला. कोणीतरी सांगितलं म्हणून पनवेलमधल्याच एका मंगल कार्यालयात भरलेल्या आहार शिबिराला गेलो. पाच दिवस, पहाटे साडेपाच ते सात. शिबिरातल्या गुरुजींचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक पदार्थाला पचायची स्वतःची वेळ असते. फळ लवकर निघतं, भात त्याच्या मागून, डाळ आणखी उशिरा, वाल-चवळी सगळ्यात शेवटी. दोन वेगळ्या वेळांचे पदार्थ एकत्र खाल्ले की लवकर निघणारा मागे अडकतो आणि आत सडतो. केळं बाहेर पडायला तयार, पण पुढे डाळ ठाण मांडून बसलेली.

ज्याचं आयुष्य रस्ते आणि चौक आखण्यात गेलंय त्याला हे पटायला वेळ लागत नाही. मला तर ते चित्रच दिसलं. मी ट्रेसिंग पेपरवर, ड्रॉइंगच्या शाईने, एक तक्ता काढला. आडवे पदार्थ, उभे पदार्थ, चौकोनात तास. चालणाऱ्या जोडीला बरोबरची खूण, न चालणाऱ्या जोडीला लाल फुली. ऑफिसात नकाशांच्या अमोनिया प्रिंट निघत, त्यात हळूच माझ्या तक्त्याच्याही वीस-पंचवीस काढून घेतल्या. अमोनियाचा तो उग्र वास घेऊन माझा तक्ता पनवेलात घरोघर गेला. एक आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर चिकटवला.

त्यानंतर आमच्या घरात वरण आणि भात एका ताटात आले नाहीत. मी एका वेळी एकच पदार्थ खायचो, मग तक्त्याप्रमाणे तास मोजून दुसरा. सकाळी फळ, की थेट साडेअकरापर्यंत काही नाही. मग नुसती भाजी, की चारपर्यंत काही नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर जिलबी खाणाऱ्या अनोळखी माणसाचा हात मी धरलेला आहे. मंजिरी दहीभात मागायची तर तिला भिंतीवरची फुली दाखवायचो. सुनंदा म्हणायची, "नाकाने कांदे सोलणं बंद करा आता." मी तिला म्हणायचो, अज्ञानातून बोलतेस.

जळजळ आधी कमी झाली, मग वाढली. दुपारी डोकं चढायचं. शिबिरात सांगितलं होतं की शरीरातलं साचलेलं बाहेर पडताना असं होतंच. मी आणखी काटेकोर झालो.

मोऱ्याचं जेवण

हे लिहायची लाज वाटते, पण हे गाळलं तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

वालांच्या आधी दोन वर्षं, माझ्या मेव्हण्याने नवी होडी घेतली. पूजेनंतर जेवण होतं. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, त्यामुळे मी उशिरानेच पानावर बसलो. माझ्या सासूबाईंना सगळे आये म्हणतात, मीही म्हणतो. आयेच्या हाताला चव होती. मोऱ्यात कोणाच्याही घरी लग्न असलं की कालवणाच्या टोपापाशी तिलाच बोलावत. त्या दिवशी पापलेटचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आणि जावई घाटावरचा म्हणून खास माझ्यासाठी शेवयांची खीर.

"घ्या जावय," आये म्हणाली, "दूध आटवून केलीय."

मासे आणि दूध. माझ्या तक्त्यातली सर्वात मोठी फुली. पण चारचौघांत नाही म्हणवेना, वाटीभर खाल्ली. संध्याकाळी पनवेलला परतताना एसटीतच पोटात कळा सुरू झाल्या, आणि घरी येऊन मला पहिली मोठी उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी मी तक्त्याची एक प्रिंट घेतली, मासे आणि दुधाच्या फुलीभोवती लाल वर्तुळ काढलं, खाली लिहिलं: "कालवण व खीर एकत्र वाढल्यामुळे माझ्या पोटाचे नुकसान झाले आहे. यापुढे कोणत्याही पाहुण्यास असे जेवण देऊ नये." सही केली आणि टपालाने मोऱ्याला पाठवून दिली.

आयेला वाचता येत नाही. तिची सून, भारतीवहिनी, हिने ते पडवीत मोठ्याने वाचून दाखवलं. पडवीत तेव्हा शेजारच्या चार-पाच बायका सुकट निवडत बसल्या होत्या. हे मला सुनंदाकडून नंतर कळलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात मासे शिजणं मी बंद केलं, मोऱ्याला जेवायला जाणंही. पूर्वी आये महिन्या-दोन महिन्यांनी मासळीची पाटी घेऊन आमच्याकडे यायची, ती यायची थांबली. सुनंदा कधी एकटीच जाऊन भेटून यायची. आणि मला ज्या ज्या वेळी त्रास व्हायचा त्या त्या वेळी मी म्हणायचो, त्या खिरीने घात केला.

पाण्याचा आवाज

आता पुन्हा त्या मंगळवाराकडे येतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला टेबलावर निजवलं.

"आज काय खाल्लंत?"

"काही नाही. काल संध्याकाळी मुगाचं पाणी."

त्यांनी कमरेला दोन्ही बाजूंनी धरून मला गदागदा हलवलं. माझ्या पोटातून खळखळ असा स्पष्ट आवाज आला, अर्ध्या भरलेल्या हंड्यातून यावा तसा. स्टेथोस्कोपची गरजच नव्हती, भिंतीपाशी उभ्या असलेल्या सुनंदालाही तो ऐकू गेला. तिने पदर तोंडाला लावला.

"पोट रिकामं होत नाहीये तुमचं," डॉक्टर म्हणाले. "पुढची वाट बंद झालीय. किती दिवसांपासून चाललंय हे?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. वजन घ्यायला लावलं. काट्याकडे पाहून मला वाटलं काटा बिघडला आहे. पँट सैल होत होती ते मला शिबिराचं यश वाटत होतं.

त्याच दुपारी मला पनवेलमधल्या एका हॉस्पिटलात दाखल केलं.

आतला फोटो

पहिल्या दिवशी नाकातून नळी घातली. ती पोटापर्यंत जाते आणि आत साचलेलं बाहेर काढते. खाटेखाली बाटली होती. त्या बाटलीत काय काय आलं ते सविस्तर सांगत नाही, पण मी ते सगळं ओळखत होतो. शनिवारचा दुधीसुद्धा ओळखला. सिस्टर बाटली उचलून मोजायची, आकडा लिहायची आणि दुसरी लावायची. एका दिवसात एवढं माणसाच्या आत मावतं यावर माझा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पांढरं, खडू कालवल्यासारखं औषध पाजून एक्स-रे काढले. लगेच एक, थोड्या वेळाने एक, दुपारी एक. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नेलं. एक्स-रेवाला तरुण होता, त्याने फिल्म उजेडात धरून मला दाखवली. पांढरी मोठी पिशवी, खाली लोंबलेली.

"काका, हे बघा. तुम्ही काल प्यायलात ना, तेच आहे."

"ते पाणीच होतं की जवळजवळ," मी म्हणालो. "पाण्याला कितीसा वेळ लागतो."

त्याने फिल्म पाकिटात घातली. सहा तास, चार तास, एक तास, माझे सगळे चौकोन माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यातल्या एकाचाही या पिशवीशी काही संबंध नव्हता. तिथेच, एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मला पहिल्यांदा वाटलं की मी मरणार आहे.

दुर्बिणीने पाहणारे डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी घशातून दुर्बीण घालून पाहिलं आणि एक बारीक तुकडा तपासायला काढून घेतला. पोटाच्या खालच्या तोंडाशी, अन्न जिथून पुढे जातं तिथे, व्रण होऊन, भरून, पुन्हा होऊन वाट आवळून गेली होती. व्रण साधा आहे की दुसरं काही, ते तुकड्याच्या रिपोर्टवर. 'दुसरं काही' म्हणताना ते माझ्याकडे न पाहता सुनंदाकडे पाहत होते. रिपोर्टला पाच दिवस लागणार होते.

त्या पाच दिवसांत पाण्याचा थेंब मिळत नव्हता. सलाइन चालू होतं, पण तहान तोंडात असते. सिस्टर दर तासाला ओला कापूस ओठांवरून फिरवायची. सांगितलेलं नसतानाही करायची. बाजूच्या खाटेवर अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेले एक चाचा होते. त्यांचा डबा आला की ते माझ्याकडे पाठ करून बसायचे. एकदा मी हाताने खूण केली, जेवा की इकडे तोंड करून. ते म्हणाले, "नाय भाईसाब, तुमच्यासमोर निवाला उतरत नाय." मला रडू आलं, आणि नाकात नळी असताना रडणं फार कठीण असतं.

नळीमुळे मला धड बोलता येत नव्हतं. दोन वर्षांचं सगळं सुनंदा त्या पाच दिवसांत बोलली. ओरडली नाही. खाटेच्या कडेला बसून, माझ्या पायांवरची चादर सारखी करत बोलली. घरातल्या मासळीच्या वासाने माझं डोकं दुखतं असं मी म्हणालो तेव्हा तिला काय वाटलं. मंजिरीने वाढदिवसाला काय मागितलं होतं आणि मी फुली दाखवली होती. शेवटी म्हणाली, "माझ्या आईने तुम्हाला विष घातलं असं दोन वर्षं बोलताय. मी ऐकून घेतलं. आता तुम्ही असे पडलाय, तर मला भांडताही येत नाही." मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, बस्स.

वहीत नसलेलं

त्या पाचांतल्या चौथ्या दिवशी आये आली. सुनंदाने मोऱ्याला शेजारच्यांकडे फोन करून निरोप दिला होता. कधीही रिकाम्या हाताने न येणारी बाई त्या दिवशी रिकाम्या हाताने आली. मला काही खायला द्यायचं नाही हे तिला माहीत असणार असं मी समजलो. ती स्टूल घेऊन भिंतीपाशी बसली.

थोड्याच वेळात सर्जन आल्या. माझ्याहून वयाने लहान, कमी बोलणाऱ्या बाई. सुनंदाने माझी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी मात्र ती उघडली. पानं चाळत राहिल्या.

"किती व्यवस्थित ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. "सकाळी साडेसातला पपई, मग साडेअकरापर्यंत काहीच नाही. रोज असंच? डोकं नाही दुखायचं?"

मी मान हलवली. दुखायचं.

"काही औषधं घेता? गोळ्या वगैरे?"

मी नाही म्हणून हात हलवला. खोटं बोलत नव्हतो. मी औषधांच्या विरुद्धच होतो, लोकांना तसं सांगतही होतो.

"खातात की," भिंतीपाशी बसूनच आये म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"डोक्याची गोली खातात. रोज खातात, तेच बोलले. माझे घरी आलं तवा दोन खाल्ल्या, वर कोरा चा. सकाळपासून पोटात घास नाय. मी बोलली, जावय, आधी चतकोर भाकर खावा, मंग गोली घ्या. तर बोलतात, आये, गोली अन्नात मिसलायची नाय, अन्न पचाया वेल लागतो."

मला ते शब्दन्‌शब्द आठवलं. होडीच्या पूजेची सकाळ, हातात कोऱ्या चहाचा कप, आणि मी एका निरक्षर बाईला शहाणपण शिकवतो आहे.

"रोज किती घ्यायचात?" सर्जनबाईंनी मला विचारलं. मी दोन बोटं दाखवली. मग तिसरंही वर केलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पट्टीच असायची. साडेअकराच्या आधी एक, चारच्या आधी एक, कधी संध्याकाळी. नेहमी रिकाम्या पोटी, कारण तक्ता. दोन वर्षांहून जास्त काळ.

"मग यात का नाही लिहिल्यात?"

मी सुनंदाकडून कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, वही खाण्याची आहे.

त्यांनी ते वाचलं. "पोटाला ते कसं कळणार हो?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरंच विचारल्यासारखं विचारलं.

मग खाटेच्या कडेला टेकून त्यांनी मला समजावलं. तेलकट, जड जेवण पोटात जरा जास्त थांबतं, पातळ लवकर पुढे जातं, एवढं खरं. पण वरणभात, मासे आणि खीर, कुठल्याही जोडीने धडधाकट पोट दीड दिवस तुंबत नाही. अशा गोळ्या रोज रिकाम्या पोटी घेतल्या तर मात्र आतून जखम होऊ शकते. तुमची सगळी जखम त्यांचीच असं मी शपथेवर सांगणार नाही, त्या म्हणाल्या, पण दुसरं ठळक कारण मला दिसत नाही. (पुढे काही वर्षांनी अशा व्रणांमागे एक जंतूही असतो असं डॉक्टर सांगू लागले. माझ्यात तो होता की नाही, कोण जाणे.)

त्या गेल्यावर मी हिशेब मांडत बसलो. जेवणात लांब खंड, म्हणून डोकेदुखी. डोकेदुखी म्हणून गोळी. गोळी रिकाम्या पोटी, म्हणून जखम. जखमेने पोट तुंबलं, म्हणून मी खंड आणखी लांबवले. हे सगळं मी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून आखलं होतं. आणि लाल वर्तुळ काढलं होतं आयेच्या खिरीभोवती. आये अजून स्टुलावरच होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. ती जरा वेळाने उठली, मला म्हणाली, "बरं वाटंल. जाते," आणि गेली.

दुसरं दार

रिपोर्ट आला. 'दुसरं काही' नव्हतं. सुनंदा तो कागद हातात धरून वॉर्डाच्या पायरीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट द्यायलाही उठली नाही, असं चाचांनी मला सांगितलं.

ऑपरेशनमध्ये पोटाला खालच्या आतड्याशी जोडून दुसरी वाट करून दिली. पाचव्या दिवशी चमचाभर पाणी मिळालं. सिस्टरने विचारलं, उलटी वाटते का? मी लक्ष देऊन वाट पाहत राहिलो. पाणी गेलं ते परत आलं नाही. त्याचं केवढं नवल वाटलं मला. मग तांदळाची पेज, मग मऊ भात, आणि एक दिवस सिस्टरने त्या भातावर न विचारता वरण ओतलं. मी ताटाकडे बघतच राहिलो. दोन वर्षांहून जास्त काळाने ते दोघे एका ताटात आले होते. खाल्ले.

घरी गेलो तर गॅसवरच्या भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. तक्ता मंजिरीने काढून टाकला होता, मला न विचारता.

आजारपणात जे कोणी वही ठेवत असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की तोंडातून आत जाणारं सगळं लिहा. जे लिहावंसं वाटत नाही ते आधी लिहा. आणि ती वही डॉक्टरला दाखवा, भिंतीला नको.

परत मोऱ्याला

तीन महिन्यांनी सर्जनबाईंनी सगळं खायला परवानगी दिली. पुढच्या रविवारी आम्ही तिघं मोऱ्याला गेलो. मी मनाशी माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती.

पान मांडलं. पापलेटचं कालवण होतं. पहिला घास घेतला आणि मला चुकल्यासारखं वाटलं. चांगलं होतं, पण ते नव्हतं.

"आये, हे तुमच्या हातचं नाही," मी म्हणालो.

आये पडवीत बसून होती, आत आलीच नव्हती. भारतीवहिनी वाढता वाढता थांबली.

"भावजी, आये पाव्हन्याला नाय रांधत आता," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. घरातल्यांचा करते. भायरचा मानूस आला की चुलीला हात नाय लावत."

"का?"

ती गोंधळली. "तुमीच लिवला व्हता ना. कोनत्याही पाव्हन्याला देव नका."

सुनंदाच्या हातातला घास तसाच राहिला. तिलाही हे माहीत नव्हतं, ती एकटी यायची तेव्हा घरचीच असायची. मी विचारलं, आणि लग्नांचं? भारतीवहिनीने मान खाली घातली. त्या दिवशी पडवीत बायका होत्या, म्हणाली. गोष्ट गावभर झाली. पनवेलचा शिकलेला जावई, त्याने कागदावर छापून पाठवलंय, की हिच्या जेवणाने पोट गेलं. तेव्हापासून लग्नाच्या टोपापाशी आयेला कोणी बोलावलं नाही.

माझ्या पोटाला टाके घालून तीन महिने झाले होते. त्या क्षणी ते सगळे उसवल्यासारखं झालं. मला वाटत होतं ती माझ्यावर रागावली आहे. ती रागावली नव्हती. माझ्या सहीवर तिने विश्वास ठेवला होता. हॉस्पिटलात ती रिकाम्या हाताने का आली, तेही तेव्हा कळलं.

पान संपवून, हात धुऊन मी पडवीत गेलो. "आये," मी म्हणालो, "चूक माझी होती. तुमच्या जेवणाने मला काही झालं नव्हतं." जुळवलेली बाकीची वाक्यं काही आठवेनात.

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मना माहीत हाय. डाक्टरीन बोलली तवा मी तितंच व्हती." मग म्हणाली, "पन तवा तुमी कागदावर लिवला व्हता. आता पन कागदावर लिवा."

ती उठली, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून घडी केलेली माझी प्रिंट बाहेर काढली. अमोनियाच्या प्रिंट फिकट होत जातात. माझे चौकोन जवळजवळ दिसेनासे झाले होते, लाल वर्तुळ मात्र पेनाचं होतं, ते ठसठशीत होतं. तिने कागद पालथा केला आणि कोरी बाजू माझ्यापुढे ठेवली.

मी पडवीत बसून लिहिलं: "आयेच्या जेवणाने माझे काहीही बिघडले नव्हते. मी रिकाम्या पोटी गोळ्या खाल्ल्या, त्यामुळे माझे पोट बिघडले. आयेने मला आधीच सांगितले होते. मी ऐकले नाही. मागील बाजूस लिहिलेले खोटे आहे." खाली सही केली, नकाशावर करतो तशी, पूर्ण नावाने.

आयेने भारतीवहिनीला शेजारच्या बायकांना हाक मारायला सांगितलं. चार-पाच जणी आल्या, उंबऱ्याशी, पायरीवर टेकल्या. मी तिथेच उभा राहिलो. जावं असं वाटत होतं, पण गेलो नाही. भारतीवहिनीने वाचलं. आये मान खाली घालून ऐकत होती. वाचून झालं.

"परत वाच," आये म्हणाली.

वहिनीने परत वाचलं, या वेळी जरा मोठ्याने. एक म्हातारी बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "शिकलेला हाय ना यो?" मी हो म्हणालो.

आये उठून आत गेली. डब्यांचे आवाज आले. बायका पांगल्या, सुनंदा पडवीच्या खांबाला टेकून उभी होती आणि डोळे पुसत होती. थोड्या वेळाने आतून आयेने विचारलं, "जावय, दूध हाय घरात. खीर करू?"

अर्ध्या तासापूर्वी मी पापलेटचं कालवण जेवलो होतो. खरं सांगायचं तर जुन्या सवयीने ती लाल फुली एकदा डोळ्यांसमोर आली. सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"करा," मी म्हणालो. आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज सुरू झाला.